सिंहगड रस्त्यावरची जुनी सदनिका : दुरुस्ती करून पुनर्विक्रीच्या एका व्यवहाराचा अभ्यास

पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीतील दोन बेडरूमची सदनिका एका दाम्पत्याने जानेवारी २०२४ मध्ये विकत घेतली, तिची दुरुस्ती करून घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती विकली. स्वतः राहण्याचा किंवा भाड्याने देण्याचा विचार सुरुवातीपासूनच नव्हता. जुने घर नीट करून नफ्याने विकता येते का, हे त्यांना एकदा करून पाहायचे होते. पत्नी माहिती-तंत्रज्ञान कंपनीत नोकरीला, पती चाकणच्या एका कारखान्यात. बांधकामाचा अनुभव दोघांनाही नव्हता. येथे नावे दिलेली नाहीत आणि रकमा सोयीसाठी पूर्णांकाजवळ आणल्या आहेत. या व्यवहारात भिंतीवर पहिला हातोडा पडण्यापूर्वी जे काही झाले, त्यावरच बहुतांश जमाखर्च ठरला, म्हणून या लेखात त्याच भागाला अधिक जागा दिली आहे.

इमारत १९९६ सालची, तळमजल्यावर पार्किंग आणि वर चार मजले. लिफ्ट नाही. सदनिका दुसऱ्या मजल्यावर, चटई क्षेत्र सुमारे ६२० चौरस फूट. मालक सांगत होते ६२ लाख. याआधी या दोघांनी कोथरूडमध्ये एक सदनिका पाहिली होती आणि ती बाजूला ठेवली होती. त्या सोसायटीने पुनर्विकासासाठी विकसक नेमून टाकला होता. तीस वर्षांच्या आसपास पोहोचलेल्या पुण्यातील इमारतींबाबत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पुनर्विकास ठरलेल्या इमारतीत घर घेणारा माणूस नव्या इमारतीत किती चौरस फूट मिळणार एवढेच पाहतो, आणि ज्या भिंती दोन वर्षांत पाडल्या जाणार आहेत त्यांच्या रंगासाठी तो एक रुपयाही जास्त देत नाही. म्हणून सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीकडे त्यांनी सर्वप्रथम मागील दोन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते मागितली. पुनर्विकासाचा विषय त्यांत कोठेही नव्हता, जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचे हस्तांतरण) सोसायटीच्या नावे झालेले होते आणि संरचनात्मक तपासणीचा ताजा अहवालही उपलब्ध होता. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची अशी तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करून घ्यायची असते. प्रत्यक्षात किती सोसायट्या हे पाळतात, तो वेगळा विषय आहे.

उलट्या बाजूने हिशेब

विक्रीची किंमत किती येईल, या प्रश्नाला दलालाचे उत्तर होते, "करून दाखवा, ऐंशी कुठे गेले नाहीत." जाहिरातींतले आकडेही त्याच आसपासचे होते. परंतु जाहिरातीतली किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा असते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-शोध सुविधेतून त्याच गल्लीतील आणि शेजारच्या दोन सोसायट्यांतील मागील वर्षभराच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांचे सारांश, काढले, तेव्हा तशाच आकाराच्या सदनिका ७२ ते ७८ लाखांदरम्यान नोंदल्या गेल्या होत्या. दाम्पत्याने ७८ लाख धरले. माझ्या मते येथे ७५ धरायला हवे होते, कारण वरच्या टोकाच्या सदनिका लिफ्ट असलेल्या इमारतींतील होत्या.

मग या ७८ लाखांतून मागे मागे वजाबाकी सुरू झाली. विक्रीच्या वेळची एक टक्का दलाली ७८ हजार. दुरुस्तीचा अंदाज साडेसात लाख आणि त्यावर १५ टक्के, म्हणजे सुमारे एक लाख १० हजार, अनपेक्षित खर्चासाठी. ३५ लाखांच्या गृहकर्जावर ९ टक्के दराने महिन्याला २६,२५० रुपये व्याज. आठ महिने धरून त्याचे दोन लाख १० हजार, आणि त्यात सोसायटीचे देखभाल शुल्क, मिळकतकर व वीज मिळवून दोन लाख ४५ हजार. करापूर्वी किमान सहा लाख सुटावेत ही अपेक्षा. एवढे सगळे वजा केल्यावर उरलेल्या ६० लाखांच्या थोड्या वर रकमेतून खरेदीचा खर्चही भागवायचा होता : मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, दलाली, वकील आणि सोसायटीचे हस्तांतरण. ते वजा करून खरेदीची कमाल किंमत निघाली साडेपंचावन्न लाख. मागणी ६२ लाखांची होती. सांगितलेल्या किमतीला घर घेतले असते, तर उत्तम दुरुस्ती करून आणि ठरल्या वेळेत विकूनही पदरात तोटाच पडला असता.

मुद्रांक शुल्कासंबंधी येथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुण्यात स्थानिक अधिभार धरून ते ७ टक्के होते आणि पुनर्विक्रीच्या धंद्यात नफ्याचा सर्वांत मोठा लचका तेच तोडते. खरेदीदार केवळ महिला असेल तर निवासी घरावर एक टक्का सवलत मिळते; पतीचे नाव सोबत जोडले की ती जाते. २०२१ मध्ये ही सवलत आली तेव्हा अशा महिलेने १५ वर्षांच्या आत ते घर पुरुषाला विकू नये, अशी अट होती, आणि ती अट कायम असती तर हा सारा बेत निरर्थक ठरला असता. २०२३ मध्ये ती काढण्यात आली. त्यामुळे खरेदी एकट्या पत्नीच्या नावे करण्याचे ठरले. तेव्हा सनदी लेखापालांचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, पैसे कोणाचे?" पतीने पत्नीला दिलेल्या पैशांतून घेतलेल्या मालमत्तेचा नफा पतीच्याच उत्पन्नात धरला जातो. येथे स्वतःचे भांडवल पत्नीच्या बचतीतून आणि तिला माहेरकडून मिळालेल्या जमिनीच्या पैशांतून उभे राहिले होते, म्हणून तो प्रश्न मिटला. बिल्डरकडून नवी सदनिका घेऊन ठरावीक मुदतीत विकणाऱ्या गुंतवणूकदाराला आधी भरलेल्या मुद्रांक शुल्काची जी वजावट मिळते, ती पुनर्विक्रीच्या जुन्या सदनिकेला लागू होत नाही, हेही त्यांना याच बैठकीत समजले. म्हणजे पुढचा खरेदीदार त्याच घरावर पुन्हा पूर्ण शुल्क भरणार आणि ते मनात धरूनच किंमत सांगणार.

सहा लाख कोठून कमी झाले

मालक सहा-साडेसहा लाखांनी खाली का यावेत? याचे उत्तर कागदपत्रांत होते. मूळ खरेदीदार मृत्युपत्र न करता वारले होते. सोसायटीने नामनिर्देशनाप्रमाणे भागप्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) त्यांच्या पत्नीच्या नावे केले होते आणि घरातल्या सर्वांची समजूत होती की, आता घर आईचे झाले. परंतु नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे सोसायटीने सदस्यत्व केले, तरी त्याने वारसांचे हक्क संपत नाहीत. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, मुलगा आणि मुलगी यांचा प्रत्येकी एकतृतीयांश हिस्सा होता, आणि मुलगी अमेरिकेत स्थायिक. आधीचे दोन ग्राहक त्यांच्या बँकेच्या वकिलांनी वारसांचे कागद मागताच निघून गेले होते. घर सात महिने रिकामे होते, बाथरूमच्या गळतीवरून खालच्या मजल्याशी कुरबुर चालू होती आणि आईंना मुलाकडे राहायला जायचे होते.

मुलीला सहविक्रेती म्हणून घेणे शक्य होते, पण तो रस्ता वाकडा होता. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावे लागते, आणि विक्रेता अनिवासी असला की खरेदीदाराने कापायचा कर एक टक्क्यावर थांबत नाही; तो बऱ्याच वरच्या दराने कापावा लागतो आणि त्यासाठी तेव्हा कर कपातीचा स्वतंत्र क्रमांक घ्यावा लागत होता. वकिलांनी सरळ मार्ग सुचवला. मुलगी दिवाळीला भारतात येणारच होती. त्या मुक्कामात मुलगा आणि मुलगी या दोघांनी आईच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे, त्यानंतर वर्तमानपत्रात १५ दिवसांच्या मुदतीची जाहीर नोटीस द्यावी, आणि कोणाची हरकत न आल्यास आईने एकटीने विक्री करावी. मसुदा दाम्पत्याच्या वकिलांनीच करून दिला. एखाद्या कुटुंबाला आपल्याच घराचे कागद सुरळीत करून देणारा ग्राहक क्वचितच भेटतो, आणि ५६ लाखांना मिळालेला होकार हा मुख्यतः या मदतीचा मोबदला होता. कमाल मर्यादा अर्ध्या लाखाने ओलांडली गेली, हे दोघांनाही माहीत होते.

याहून खाली घासाघीस करण्यालाही एक मर्यादा होती. वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे, घराचे मूल्य ५४ लाख येत होते. करारातली किंमत त्याखाली गेली तरी मुद्रांक शुल्क ५४ लाखांवरच द्यावे लागते, आणि फरक दहा टक्क्यांपेक्षा अधिक झाला तर तो खरेदीदाराचे उत्पन्न समजून त्यावर कर लागतो. किंमत ५० लाखांवर असल्याने पत्नीने एक टक्का, म्हणजे ५६ हजार रुपये, आईंच्या नावे कर कापून भरला.

कागद तपासताना आणखी एक गोष्ट आढळली, जी खरेदीदाराच्या सहसा लक्षात येत नाही. हॉलची बाल्कनी मालकांनी फार पूर्वी बंद करून खोलीत घेतली होती. भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा यांत ती उघडी बाल्कनीच होती. राहणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. विकणाऱ्याला पडतो, कारण पुढच्या ग्राहकाच्या बँकेचा मूल्यमापक टेप घेऊन येतो, करारातल्या क्षेत्रफळाशी मोजमाप ताडून पाहतो आणि वाढीव भागाला शून्य किंमत देतो किंवा शेरा मारतो. दुरुस्तीत ती बाल्कनी पुन्हा मोकळी करण्याचे तेव्हाच ठरले. हॉल लहान दिसणार होता, पण उजेड वाढणार होता.

पाणी कुठून येते

विसार देण्यापूर्वी दाम्पत्य एका अनुभवी प्लंबरला आणि एका स्थापत्य अभियंत्याला घेऊन घरी गेले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांना जिन्यातच गाठले. "आधी आमचं छत बघा, मग तुमच्या टाइल्स निवडा," असे म्हणून त्या त्यांना थेट आपल्या बाथरूममध्ये घेऊन गेल्या. छताच्या गिलाव्याला पोपडे आले होते, एका कोपऱ्यात क्षार साचून पांढरी मिशी फुटल्यासारखी झाली होती आणि सळईचा गंज तांबूस रंगाने बाहेर डोकावत होता. वर आल्यावर प्लंबरने दाराच्या मागची एकच फरशी उचकटली. खालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा हाताने दाबला तर पाणी सुटत होते. जुन्या बांधकामात संडास-बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. नळाचे लोखंडी पाइप गंजले किंवा नहाणी ट्रॅपचा (सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा सुटला की हा भराव वर्षानुवर्षे भिजत राहतो, आणि वरून कितीही महागडी टाइल लावली तरी पाणी आपली वाट सोडत नाही.

अभियंत्याने बीम आणि कॉलम ठोकून पाहिले, खालच्या छतावरची गंजलेली सळई वरवरची असल्याचे सांगितले आणि ते छत दुरुस्त करून देण्याचा खर्च याच अंदाजात धरायला लावला. स्वयंपाकघर आणि हॉल यांमधली भिंत काढून एकच मोठी जागा करावी, अशी पतीची इच्छा होती. ती भिंत चार इंची होती, तिच्यावर भार नव्हता, म्हणजे तांत्रिक अडचण नव्हती. तरीही ती ठेवली गेली. या भागात जुनी सदनिका घ्यायला येणारी कुटुंबे बहुधा तीन पिढ्यांची असतात, आणि फोडणीचा खाट थेट हॉलमध्ये यावा असे त्यांतल्या फार थोड्यांना वाटते. हा निर्णय मला योग्य वाटतो; आपल्याला आवडणारे घर आणि विकले जाणारे घर यांतला फरक त्यांनी येथे ओळखला.

खरेदीखत झाल्यावर सोसायटीकडे रीतसर अर्ज गेला. हस्तांतरण अधिमूल्य २५ हजार, जी शासनाच्या २००१ च्या परिपत्रकाने महापालिका क्षेत्रासाठी ठरवून दिलेली कमाल रक्कम आहे. दुरुस्तीसाठी परत मिळणारी अनामत, कामाच्या वेळा, राडारोडा जिन्यात न ठेवण्याची हमी आणि आरसीसी भागाला, म्हणजे बीम, कॉलम आणि स्लॅबला, हात लावणार नसल्याचे अभियंत्याचे पत्र, एवढे सोसायटीने मागितले. लिफ्ट नसल्याने वाळू-सिमेंट वर आणि राडारोडा खाली नेण्याची बिगाऱ्यांची मजुरी वेगळी ठरवावी लागली.

काम मालासकट एकाच ठेकेदाराला न देता, मजुरी ठरवून मुख्य माल स्वतः आणण्याची पद्धत त्यांनी निवडली आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरवले. नवख्यांनी असे करावे की नाही यावर मतभेद होऊ शकतात. यात पैसे वाचतात, पण रोज कोणीतरी साइटवर उभे राहावे लागते. क्रम मात्र वादातीत होता : तोडफोड, पाइप आणि वायरिंगच्या झिऱ्या, गिलावा, जलरोधन, पाण्याची चाचणी, मग फरशी, ओटा, खिडक्या आणि शेवटी रंग. बाथरूमचा जुना भराव पूर्ण काढला, लोखंडी पाइपांच्या जागी सीपीव्हीसीचे (प्लॅस्टिकचे) पाइप घातले, आणि जलरोधनानंतर उंबऱ्यापर्यंत पाणी भरून ते ४८ तास तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. नहाणी ट्रॅपच्या कडेला खालच्या बाजूने रुपयाएवढा ओलावा दिसत होता. सांधा पुन्हा उघडून भरला, पुन्हा पाणी साठवले, आणि काकूंनी छत कोरडे असल्याचे सांगितल्यावरच फरशीवाल्याला बोलावले. आठवडा गेला. फरशी बसल्यानंतर हा ओलावा दिसला असता, तर त्यात लाखभर रुपये गेले असते.

खर्चाची विभागणी अशी झाली. संडास-बाथरूम आणि खालचे छत मिळून दोन लाख ४० हजार. संपूर्ण वायरिंग ९५ हजार. त्यात गीझर आणि एसीसाठी चार चौरस मिलिमीटरच्या स्वतंत्र तारा आणि गळती-विद्युत झाल्यास वीज तोडणारे यंत्र आले. ओटा आणि ट्रॉल्या एक लाख ३५ हजार, हॉल व स्वयंपाकघराची फरशी एक लाख ३० हजार, रंग एक लाख १० हजार, खिडक्या आणि बाल्कनी मोकळी करणे ७० हजार, मजुरी व राडारोडा ४० हजार. एकूण आठ लाख २० हजार. दोन्ही बेडरूमची मोझॅक फरशी चांगल्या स्थितीत होती, ती मशीनने पॉलिश करून तशीच ठेवली. छताखालचे शोभेचे पीओपी आणि भिंतीतली कपाटे यांचा जवळपास दोन लाखांचा प्रस्ताव त्यांनी नाकारला. ज्याला कपाटे हवीत तो आपल्या मापाने करून घेतो, आणि विकणाऱ्याने निवडलेला सनमायका त्याला आवडेलच असे नाही.

विक्री आणि उरलेली रक्कम

काम मेअखेर संपले. पावसाळ्यात ग्राहक कमी फिरतात, पण जे आले त्यांना बाहेरच्या भिंती ऐन पावसात कोरड्या पाहता आल्या. ऑगस्टमध्ये आलेली ७४ लाखांची बोली दाम्पत्याने नाकारली. पितृपक्षात कोणी फिरकले नाही. दसऱ्याला ७७ लाखांवर विसार झाला आणि नोव्हेंबरमध्ये खरेदीखत. ग्राहकाच्या बँकेने वारसांचे कागद मागितले, तेव्हा हक्कसोडपत्र आणि जाहीर नोटिशीची कात्रणे तयारच होती. मूल्यमापकालाही मोजमापात काही खटकले नाही.

आठ महिन्यांऐवजी दहा महिने लागले. घर ५६ लाख, खरेदीचा खर्च चार लाख ६२ हजार, दुरुस्ती आठ लाख २० हजार, व्याज व देखभाल तीन लाखांच्या थोडे वर, विक्रीची दलाली ७७ हजार. सारे धरून ७२ लाख ६० हजारांच्या आसपास, म्हणजे करापूर्वीचा नफा सुमारे चार लाख ४० हजार. अपेक्षा सहाची होती.

घर २४ महिन्यांच्या आत विकल्यामुळे नफा अल्पकालीन ठरला आणि पत्नीच्या पगाराच्या वर मिळवला गेला. कर्जाचे व्याज भांडवली नफ्यातून वजा करता येते का, याबद्दल सल्लागारांत मतभिन्नता आढळते. लेखापालांनी सावध मार्ग घेऊन ते वजा केले नाही, त्यामुळे करपात्र नफा सात लाख ४१ हजार ठरला आणि उपकरासह ३१.२ टक्के दराने त्यावर दोन लाख ३१ हजार कर आला. हातात राहिले दोन लाखांच्या किंचित वर. स्वतःचे सुमारे ३४ लाख गुंतवून दहा महिन्यांत मिळालेली ही रक्कम बँकेच्या मुदत ठेवीच्या व्याजाहून फारशी वेगळी नाही, आणि त्यात दोघांच्या रजा व रविवार धरलेले नाहीत.

सौदा आधीच्या ६२ लाखांना झाला असता तर काय झाले असते, हे सांगण्याची गरज नाही. पण ऑगस्टमधली ७४ लाखांची बोली स्वीकारली असती तर काय, हे पाहण्यासारखे आहे : तीन महिन्यांचे व्याज वाचले असते, तरी करापूर्वीचा नफा सव्वादोन लाखांच्या जवळच राहिला असता. दुसरा पर्याय घर भाड्याने देऊन २४ महिने पूर्ण करण्याचा होता. तसे केले असते तर २३ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या १२.५ टक्क्यांच्या दीर्घकालीन दराने कर सुमारे एक लाख ३५ हजारांनी कमी झाला असता. मात्र आणखी १४ महिन्यांचे व्याज तीन लाख ६७ हजार आणि देखभाल शुल्क वेगळे. महिन्याला २० हजार भाडे धरले, तर दोन लाख ८० हजार परत आले असते. म्हणजे करातली बचत व्याजाच्या फरकात जवळजवळ संपते, आणि दोन वर्षांत भाव वाढले तरच या पर्यायाला अर्थ उरतो. शिवाय भाडेकरूने वापरलेले घर विकण्यापूर्वी पुन्हा रंगवावे लागले असते.

असे व्यवहार एकापाठोपाठ केले, तर आयकर विभाग ते भांडवली नफा न मानता व्यवसायाचे उत्पन्न मानू शकतो, हे लेखापालांनी त्यांना स्पष्ट सांगितले आहे. तसे झाले की व्याज आणि देखभाल खर्च म्हणून दाखवता येतात, पण दीर्घकालीन नफ्याचा सवलतीचा दर कायमचा हातचा जातो. सध्या तरी त्यांचा हा एकच व्यवहार आहे. विक्री नोव्हेंबरमध्ये झाल्याने आगाऊ कराचा १५ डिसेंबरचा हप्ता त्यांनी या नफ्यासह भरला. ग्राहकाने कापलेले ७७ हजार त्यातून वजा केले.